मातृभक्त भाऊसाहेब

तालुका म्हटला की त्याला एक एसटी स्टँड, एक उपजिल्हा रुग्णालय आणि एक भाऊसाहेब असतातच. नाव कुठे दादा असतं, कुठे अण्णा, कुठे बापू. पक्ष तर दर पाच वर्षांनी बदलतो, हल्ली मध्येच एकदा जास्तीचाही बदलतो. माणूस मात्र तोच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाला निरनिराळ्या देवस्थानांचे दोरे, मागे फोन धरलेला एक पोरगा, आणि बोलण्याची सुरुवात कुठूनही झाली तरी शेवट आईपाशी.

पूर्वी असं नव्हतं. आधीच्या पिढीतल्या पुढाऱ्यालाही आई होती, पण ती घरी असायची. यशवंतराव चव्हाणांनी आपल्या आईबद्दल, विठाईबद्दल, मन मोकळं करून लिहिलं ते ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात, आणि ते आलं १९८४ साली, म्हणजे मुख्यमंत्रिपदापासून उपपंतप्रधानपदापर्यंतचा सगळा प्रवास झाल्यावर. त्या काळी सभेत पुढारी कूळकायदा, पाटबंधारे, फार तर उसाचा भाव यांवर बोलायचा आणि रडायचं काम लोकांकडे होतं. आता जाहीरनामा कोणी वाचत नाही हे पुढाऱ्यांनाही कळून चुकलंय. ‘साहेब, तुमची माणूस म्हणून बाजू पुढे आली पाहिजे,’ असं सांगणारी पोरं पगारावर ठेवलेली असतात. भाऊसाहेबांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते जरा दचकले होते म्हणतात. इतकी वर्षं आपली कुठली बाजू पुढे होती, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

तर भाऊसाहेबांची गोष्ट. २००८ च्या पावसाळ्यात त्यांच्या आई, ज्यांना सगळा तालुका आक्का म्हणतो, न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊसाहेब तेव्हा पंचायत समितीचे सदस्य होते. आक्कांना सरकारी रुग्णालयात नेलं, तर लिफ्ट बंद. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. शेवटी भाऊसाहेबांनी आईला दोन्ही हातांवर घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात नेलं. दोन रात्री ते खाटेशेजारी फरशीवर वर्तमानपत्र अंथरून झोपले. तिसऱ्या दिवशी आक्कांना शहरातल्या खासगी दवाखान्यात हलवलं, तिथे ऑपरेशन झालं, सहा महिन्यांत त्या वॉकर घेऊन ओसरीपर्यंत यायला लागल्या.

हे सगळं खरं आहे. भाऊसाहेबांच्या विरोधकांनीही ते कधी नाकारलेलं नाही, कारण त्यांच्यातला एक जण त्या रात्री स्ट्रेचरची दुसरी बाजू धरून होता. तेव्हा तो भाऊसाहेबांच्याच पक्षात होता.

पण गोष्ट आणि कर्ज या दोन गोष्टींवर आपल्याकडे व्याज चढतं. २००९ च्या विधानसभेला भाऊसाहेब अपक्ष उभे राहिले तेव्हा त्यांनी आईची दोन रात्री सेवा केली होती आणि तिला एक मजला उचलून नेलं होतं. २०१४ ला पंधरा दिवस आणि दोन मजले झाले. २०१९ ला भाऊसाहेब सहा महिने घरदार सोडून आईच्या पायाशी बसलेले होते आणि मजले तीन. २०२४ च्या सांगता सभेत तर त्यांनी ‘अख्खं आयुष्य’ असा शब्द वापरला आणि मजल्यांचा हिशोबच सोडून दिला, नुसतं ‘वर, वर, वर’ म्हणाले. रुग्णालयाची इमारत तळमजला अधिक एक अशी आहे.

श्रोते बघून गोष्ट कुठे तोडायची आणि कुठे ताणायची, हे कसब भाऊसाहेबांना उपजत आहे. ज्येष्ठ नागरिक संघात लिफ्ट लवकर उरकते आणि फरशीवरची झोप लांबते. १२ मेला परिचारिका दिन असतो, त्या दिवशी गोष्टीत एक सिस्टर येते आणि भाऊसाहेबांच्या अंगावर स्वतःची शाल घालते. १ जुलैला डॉक्टर मंडळींसमोर सिस्टर गायब होते आणि शाल डॉक्टर घालतात. बचत गटाच्या मेळाव्यात भाऊसाहेब स्वतः आईची वेणी घालतात. हरिनाम सप्ताहात मात्र सगळं बाजूला राहतं आणि पुंडलिक येतो. आईबापाच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाला विटेवर ताटकळत ठेवलं, हा प्रसंग भाऊसाहेब फार रंगवून सांगतात. तो त्यांना का आवडतो हे त्यांच्या बंगल्याबाहेर सकाळी सातपासून ताटकळत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

मी त्यांच्या सोमवारच्या जनता दरबारात एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक तात्या आले. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन बंद पडलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वय पासष्टच्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलं तर राज्य सरकार ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजने’तून म्हाताऱ्या माणसाला महिना १,५०० रुपये देतं. आधी १,००० होते, २०२३ मध्ये १,५०० झाले. २१,००० म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. यापेक्षा जास्त कमावणारं घर म्हाताऱ्याला पोसायला समर्थ आहे असं सरकार धरून चालतं. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, तो वर्षानुवर्षं २०० च आहे. आणि एक जाता जाता. श्रावणबाळ आंधळ्या आईबापासाठी पाणी आणायला गेला आणि राजाच्या बाणाने मेला. योजनेचं नाव ठेवताना हा शेवट कुणाच्या ध्यानात आला नसावा, किंवा आलाही असेल.

तात्यांचा हयातीचा दाखला कुठेतरी अडकला होता. माणूस समोर उभा, पण कागदावर जिवंत नाही. त्यांनी पिशवीतून कागदांचं भेंडोळं काढलं.

“बसा तात्या. वय किती?”

“अठ्ठ्याहत्तर, साहेब.”

“म्हणजे आमच्या आक्कांपेक्षा लहानच की हो तुम्ही!” भाऊसाहेबांनी भेंडोळं हातात घेतलं, पण डोळे वर छताकडे गेले. फोनवाल्या पोराने सावध होऊन फोन आडवा धरला. “तात्या, तुम्हाला बघितलं आणि मला ती रात्र आठवली बघा. पाऊस असा कोसळत होता...”

मग पाऊस आला, न्हाणी आली, लिफ्ट बंद पडली, आक्का हातांवर आल्या. दुसऱ्या मजल्याच्या आसपास भाऊसाहेबांचा आवाज फुटला आणि डोळ्यांतून खरं पाणी आलं. खरं म्हणजे अगदी खरं, मी चार फुटांवर होतो. तात्या गडबडले. आयुष्यात इतका मोठा माणूस त्यांच्यासमोर रडला नव्हता. ते उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि भाऊसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

“असू द्या, साहेब. आईचं असंच असतंय. तुम्ही धीर सोडू नका. आम्ही हाय की.”

भाऊसाहेबांनी मान हलवली, रुमालाने डोळे टिपले, तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले. पोराने फोन खाली केला. कार्यकर्त्यांनी तात्यांना हळूच बाहेर आणलं आणि चहा दिला. तात्या गेटपर्यंत पोचल्यावर त्यांना आपण कशासाठी आलो होतो ते आठवलं. ते परत फिरले तर दारावरचा कार्यकर्ता म्हणाला, “तात्या, साहेब रडले तुमच्यासाठी. आणखी काय पाहिजे माणसाला?” याला तात्यांकडे उत्तर नव्हतं. भेंडोळं टेबलावरच राहिलं होतं. संध्याकाळी फीत तालुकाभर फिरली, तिला नाव दिलं होतं ‘दोन लेकरांची भेट’.

एक लेकरू अठ्ठ्याहत्तर वर्षांचं. असो.

आक्का या सगळ्याकडे कशा बघतात? आक्का आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते येतं. मागच्या निवडणुकीआधी प्रचाराची फीत करायला पुण्याहून माणसं आली होती. भाऊसाहेब आईला पेज भरवतात असं दृश्य घ्यायचं होतं. आक्कांना नवं लुगडं नेसवलं, खाटेवरची प्लॅस्टिकची मेणकापडं काढून ठेवली, औषधांचा डबा दिसेल न दिसेल असा ठेवला. भाऊसाहेब चमचा घेऊन बसले. पहिला घास गरम होता, दुसरा हनुवटीवर सांडला, तिसऱ्याला दिग्दर्शक म्हणाला, साहेब, आईच्या तोंडाकडे बघा, कॅमेऱ्याकडे नको. तेवढ्यात आक्कांनी चमचा हाताने बाजूला सारला आणि मोठ्याने विचारलं, “आज मतदान हाय का?”

ते वाक्य कापलं. बाकीची फीत छान झाली.

त्या दिवशी पडद्याबाहेर दाराच्या चौकटीला टेकून दोघी उभ्या होत्या. एक भाऊसाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसपाळीच्या मावशी. चमच्यात घ्यायच्या आधी पेज बोटावर बघायची असते, घास गालाच्या उजव्या बाजूला द्यायचा असतो कारण डावीकडचे दात नाहीत, आणि भरवताना पाठीला उशी लावून सरळ बसवलं नाही तर आक्कांना ठसका लागतो, हे त्या दोघींना माहीत होतं. साहेबांच्या दृश्यात दोघीही बोलणार नव्हत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मागच्या पावसाळ्यात आक्कांना महिनाभर ताप होता तेव्हा रात्री अकरा, एक, तीन आणि पाचला ती कूस वहिनींनी बदलली. वहिनींचं भाषण आजवर तालुक्यात कुणी ऐकलेलं नाही. महिला आरक्षणातून त्या एकदा नगरसेविका झाल्या होत्या, तेव्हाही त्यांच्या वतीने भाऊसाहेबच बोलायचे.

आक्कांची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, असं एका पत्रकाराने भाऊसाहेबांना विचारलं होतं. हा प्रश्न मला फार आवडला. भाऊसाहेब म्हणाले, “आईच्या सेवेला वेळेचं बंधन नसतं.” टाळ्या पडल्या.

अशी माणसं फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. इंग्लंडातल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते सर एड डेव्ही यांचे वडील ते चार वर्षांचे असताना गेले. आई कर्करोगाने गेली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. शेवटच्या काळात तिची शुश्रूषा त्यांनी भावांबरोबर केली. पुढे आजीचं केलं. त्यांचा मुलगा दिव्यांग आहे, त्याला चोवीस तास माणूस लागतं. २०२४ च्या निवडणुकीत हे गृहस्थ विंडरमिअरच्या तळ्यात पॅडलबोर्डवरून पाण्यात पडले, दोरी बांधून उंचावरून उलटे लोंबकळले, आणि एका प्रचारफितीत त्यांनी मुलाबरोबरचं घरातलं आयुष्य दाखवलं. पक्षाच्या जागा ११ वरून ७२ वर गेल्या.

भाऊसाहेबांच्या पोरांनी ही फीत त्यांना दाखवली. भाऊसाहेबांनी ती दोनदा बघितली आणि विचारलं, “पाण्यात पडल्यावर मतं मिळतात?” आमच्याकडचा पाझर तलाव एप्रिलमध्येच आटतो, म्हणून तो बेत राहिला.

पोरांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. डेव्हींची गोष्ट संपली की तिच्यामागून आकडा यायचा. इंग्लंडात आजारी माणसाला आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्या नातेवाइकाला सरकारी भत्ता मिळतो. तो तेव्हा आठवड्याला ८१ पौंड ९० पेन्स होता, आणि बाहेर काम करून आठवड्याला १५१ पौंडांपेक्षा एक पौंड जास्त कमावला की अख्खा भत्ता जायचा. भत्ता वाढवा, ही अट सैल करा, सांभाळणाऱ्या कामगारांना जास्त पगार द्या, असं तो पक्ष मागत होता. सरकार दुसऱ्याच पक्षाचं आलं, पण ती १५१ ची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १९६ झाली. त्यातलं श्रेय कुणाचं किती याचा हिशोब तिथले लोक करतील. माझा मुद्दा एवढाच की तिथे रडण्याच्या पुढच्या वाक्यात काहीतरी मागणं होतं. भाऊसाहेबांच्या गोष्टीच्या पुढच्या वाक्यात सत्कार असतो.

मागणं आलंच तर भाऊसाहेबांना ते दुसऱ्यांच्या बाबतीत आवडतं. २०२१ च्या सुरुवातीला लातूर जिल्हा परिषदेची बातमी आली होती. जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईवडिलांच्या खात्यात टाकायचे, असा निर्णय झाला होता. भाऊसाहेबांनी शिक्षकांच्या मेळाव्यात त्याचं तोंड भरून कौतुक केलं, आपल्याही जिल्ह्यात हे झालं पाहिजे म्हणाले. मागच्या रांगेतून एका गुरुजींनी विचारलं, हे लोकप्रतिनिधींच्या मानधनालाही लागू करायचं का? माईक तेवढ्यात बंद पडला. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, न सांभाळणाऱ्या मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, त्यासाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरण आहे, हे भाऊसाहेबांच्या भाषणात मी कधी ऐकलेलं नाही. कायद्याने प्रेम होत नाही, असं त्यांचं मत आहे. खरंच आहे ते. प्रेमाने हयातीचा दाखलाही होत नाही.

यात वाईट काय वाटतं ते सांगतो. भाऊसाहेब ढोंगी असते तर सोपं होतं. पण त्या दोन रात्री त्यांनी वॉर्डात खरोखर काढल्या होत्या. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते, नातेवाइकांना पाठ टेकायला बाक नसतो, बेडपॅन हवं तर शेजारच्या खाटेवरून उसनं आणावं लागतं, आणि खुबा मोडलेल्या म्हातारीला जिन्याने नेताना ती पायरीगणिक कशी ओरडते, हे त्यांनी पाहिलेलं आहे. विधानसभेत बसणाऱ्या कितीकांनी सरकारी वॉर्डाच्या फरशीवर रात्र काढली असेल? भाऊसाहेबांकडे ते भांडवल होतं. त्यांनी त्याची गोष्ट केली.

आणि गोष्ट झाली की तिची स्वतःची गरज तयार होते. गेल्या वर्षी सार्वजनिक बांधकाम विभागाचे एक इंजिनिअर अंदाजपत्रक घेऊन बंगल्यावर आले होते. रुग्णालयाची लिफ्ट नवी बसवायची, जिल्हा नियोजन समितीतून पैसे होतील, साहेबांचं एक पत्र लागेल. भाऊसाहेब खूष झाले, लेटरपॅड मागवलं. तेव्हा फोनवाला पोरगा कानाशी वाकला. पोरगा हुशार आहे, मास कम्युनिकेशन केलेला.

“साहेब, लिफ्ट चालू झाली तर गोष्टीचं काय? लोक म्हणतील, लिफ्टने का नाही नेलं?”

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. जरा विचार केला. “बघू,” ते इंजिनिअरला म्हणाले, “आचारसंहितेनंतर.” त्या वेळी कुठलीही आचारसंहिता लागू नव्हती, पण आपल्याकडे ती कधी ना कधी लागतेच.

तेव्हा उद्या तुमच्या दारात तुमचे भाऊसाहेब आले आणि पाऊस, न्हाणी, जिना सुरू झालं, तर त्यांना तोडू नका. पाणी द्या, चहा द्या, रडले तर रुमाल द्या, आक्कांची तब्येत विचारा. गोष्ट पूर्ण झाली की त्यांच्या पुढे कागद ठेवा आणि लिफ्टच्या पत्रावर सही घेऊनच त्यांना उठू द्या. पेन तुमचं ठेवा, त्यांच्याकडच्या पेनाला टोपण लावलेलं असतं.